क्रमशः



बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे. दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आधी डावा, मग दीड महिन्याने उजवा. डॉक्टरांनी काही दिवस वाचन बंद म्हणून सांगितलं, तेव्हा मी त्यांना एकच विचारलं, "दुसऱ्याने वाचलेलं ऐकलं तर चालेल ना?" ते हसले. त्यांना वाटलं असेल, आजींचा हरिपाठ राहिला असेल. माझा हरिपाठ पाठ आहे हो. राहिला होता तो एका कादंबरीचा एकशे बारावा भाग.

मोबाईलवर येणारी मराठी कादंबरी. एक ओसाड वाडा, त्या घराण्याला लागलेला शाप, मागच्या जन्मीची काहीतरी अर्धवट राहिलेली प्रीती आणि ह्या जन्मी त्या वाड्याची मोजणी करायला आलेली एक मुलगी. रोज रात्री एक भाग येतो. ऑपरेशननंतर माझी नात पुण्याहून फोन करून मला तो वाचून दाखवायची. ती इंग्रजी शाळेत शिकलेली, त्यामुळे "ज्ञ" आणि "ष" जिथे येईल तिथे गाडी अडायची. एकदा मी फोन स्पीकरवर ठेवला होता आणि नायक-नायिका नेमके विहिरीच्या काठावर जवळ आले होते. सूनबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी शेवग्याची शेंग हातात तशीच धरून माझ्याकडे पाहिलं.

"आई, तुम्ही हे ऐकता?"

त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, खरंच आश्चर्य होतं. पस्तीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई, बारामतीच्या तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयातून मराठी घेऊन बी. ए. झालेली, आणि ह्या वयात शाप आणि वाडा आणि विहिरीचा काठ! तेव्हा मी नुसतं "हो" म्हटलं. पण उत्तर मनात राहून गेलं, ते इथे लिहून टाकते. नातेवाईक मंडळी हे वाचतात, त्यांच्यात दोघंतिघं असे आहेत की जे दर दिवाळीला मला "आता काहीतरी आध्यात्मिक वाचत जा" असं सांगतात. हे त्यांच्यासाठीही.

आध्यात्मिकच घ्या. आमच्या कळसला लहानपणी श्रावणात पोथी लागायची. नवनाथ भक्तिसार, अध्याय चाळीस, रचना शके १७४१ म्हणजे इसवी सन १८१९. त्यात काय नाही सांगा? राखेतून उपजलेलं मूल आहे, स्त्रियांचं राज्य आहे आणि त्यात अडकून पडलेला गुरू आहे, मंत्राने थांबवलेली सैन्यं आहेत. रोज एक अध्याय वाचायचा, आणि अध्यायाच्या शेवटी पोथी लिहिणारा स्वतःच सांगतो की पुढच्या अध्यायात अमुक कथा येईल. हे "क्रमशः" नाही तर काय? पोथी ऐकायला येणाऱ्या बायका घरी जाताना पुण्याविषयी बोलत नसत, मच्छिंद्रनाथ तिथून कधी सुटणार ह्याविषयी बोलत. हे मी माझ्या कानांनी ऐकलेलं आहे. श्रीधरांचा पांडवप्रताप चौसष्ट अध्यायांचा, हरिविजय छत्तीस. चातुर्मास पुरवायचा तर कथा लांबच हवी.

आणि जी कादंबरी आम्ही बी. ए. ला अत्यंत गंभीर चेहऱ्याने अभ्यासली, ती हरिभाऊ आपट्यांची "पण लक्षात कोण घेतो", तीसुद्धा आधी "करमणूक"मधून आठवड्याच्या हप्त्यांनी आलेली आहे. "करमणूक" सुरू झाला १८९० साली. यमूचं पुढे काय होणार म्हणून तेव्हाच्या बायका, आणि पुरुषही, आठवडाभर थांबत असणार. आम्हाला ती बांधीव पुस्तकात एकगठ्ठा मिळाली, प्रश्नोत्तरांसकट. वाट बघणं वजा झालं की कादंबरीतलं काहीतरी निघून जातं, हे मला तेव्हा कळलं नाही. हरिभाऊ १९१९ साली गेले, आणि "कर्मयोग" अपुरीच राहिली. म्हणजे लेखक मालिका अर्धवट टाकून जातो ही तक्रारही काही आजची नाही!

आता माझं सांगते.

१९७२ चा दुष्काळ आमच्या बाजूच्या सत्तरीतल्या कोणालाही विचारा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी ज्यांच्या शेतात जात होतं त्यांचं एक होतं, आमचं सगळं जिराईत. विहिरी कोरड्या, जनावरं कवडीमोल भावात गेलेली. सरकारी कामं निघाली, रस्त्याची आणि तलावाची, आणि गाव खडी फोडायला गेलं. जमीन असलेलेही गेले, नसलेलेही गेले. माझे वडील, आई आणि मोठी वहिनी तिघंही जात. मी कॉलेजात होते, सुट्टीत घरी आले की मीही जायची. लाल मिलोची भाकरी, तिला चिकटपणा म्हणून नाही, थापली की तुटायची. लहान मुलांना सुकडी मिळायची.

दुपारी जेवायच्या सुट्टीत बायका बाभळीखाली बसत. माझ्या पिशवीत एक पुस्तक असायचं. तेव्हा होतं नाथमाधवांचं "वीरधवल". गावातल्या एका निवृत्त गुरुजींकडून आणलेलं, पुठ्ठा गेलेला, पानं पिवळी. ही कादंबरी १९१३ सालची. नाथमाधव म्हणजे द्वारकानाथ माधव पितळे. शिकारीला गेलेले असताना कड्यावरून पडून कमरेखाली लुळे झाले, आणि मग अंथरुणावरून त्यांनी राजवाडे, कारस्थानं, पराक्रम ह्यांचे ढीग लिहून काढले. पुढे त्यांनी स्वराज्याच्या इतिहासावर कादंबऱ्यांची आख्खी माळ लिहिली. ज्या माणसाला खोलीबाहेर जाता येत नव्हतं, त्याने महाराष्ट्राला इतकं फिरवून आणलं...

एक दिवस एक म्हातारी मला म्हणाली, "काय वाचती गं एकटी एकटी? मोठ्यानं वाच की." मी वाचलं. दुसऱ्या दिवशी पाच-सहा बायका भाकरी घेऊन माझ्याभोवती. तिसऱ्या दिवशी मुकादम पण कडेला येऊन बिडी ओढत उभा. सुट्टी संपली की मी जिथे असेन तिथे बोट ठेवून पुस्तक मिटायची, आणि बायका खडीवर हातोडी मारता मारता भांडायच्या. "त्यो राजपुत्र काय मरत न्हाई बघ." "आन् मेला तर?" "मरंल कसा? त्याच्यावरच तर हाय समदं."

आमच्या वर्गातले एक प्राध्यापक अशा पुस्तकांना पलायनवादी वाङ्मय म्हणत. शब्द परीक्षेत लिहायला चांगला होता, मी पण लिहिला, मार्क मिळाले. पण त्या बायका कुठे पळाल्या हो? दोन वाजता पुन्हा खडीवर हजर होत्या. उन्हात, हाताला फोड आलेले. एवढंच की संध्याकाळपर्यंत त्यांच्या डोक्यात धान्याशिवाय आणि पाण्याशिवाय आणखी एक गोष्ट होती. आई एकदा म्हणाली होती, उद्या काय होणार ह्याची भीती वाटण्याऐवजी उत्सुकता वाटायची, असं वर्षभरात फक्त त्याच पंधरा दिवसांत झालं. तिच्या शब्दांत सांगायचं तर, "उद्याचा दिस यावा वाटायचा."

त्या प्रतीला शेवटची बरीच पानं नव्हती. हे मला आधीच माहीत होतं पण सांगायचा धीर झाला नाही. ज्या दिवशी ते पान आलं त्या दिवशी मी सांगितलं. काही बायका रागावल्या. आईने शांतपणे स्वतःचा शेवट सांगितला, सगळ्यांना नांदत्या घरी पाठवून दिलं. खरा शेवट मी पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात वाचला. आईला सांगितला नाही. तिचा बरा होता.

इथपर्यंत मी स्वतःची बाजू छान मांडली. आता जे सांगायचं आहे ते इतकं छान नाही.

मी नोकरीला लागल्यावर बाई झाले, आणि बाई झाले की माणूस बरंच काही विसरतं. १९८३-८४ च्या सुमाराची गोष्ट. नववीचा वर्ग. मागच्या बाकावरच्या एका मुलीच्या भूगोलाच्या पुस्तकात पॉकेट साईजची एक प्रेमकथा सापडली. तेव्हा चंद्रकांत काकोडकरांच्या आणि त्यांच्यासारख्या इतरांच्या कादंबऱ्या एसटी स्टँडवर, भाड्याच्या वाचनालयांत सगळीकडे मिळत. काकोडकरांबद्दल आम्हा शिक्षक लोकांचं मत ठरलेलं होतं. मत होतं, वाचन नव्हतं. त्यांच्या "शामा" ह्या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता हे सगळ्यांना पाठ, पण तो खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६९ साली तिथे ते निर्दोष सुटले, हे स्टाफरूममध्ये कोणी सांगत नसे. त्याच १९६९ साली त्यांच्या "नीलांबरी"वरून निघालेला "दो रास्ते" मात्र आम्ही सगळ्यांनी पाहिलेला होता, राजेश खन्नासाठी! असो.

मी ते पुस्तक घेतलं, वर्गासमोर त्या मुलीला उभं केलं, पुस्तकाचं नाव मोठ्याने वाचलं. वर्ग हसला. एवढ्यावर थांबले असते तरी पुष्कळ होतं. मी तिच्या वडिलांना बोलावून घेतलं. ते बिचारे शेतातून पायताण झटकत आले, मान खाली घालून ऐकून घेतलं आणि मुलीला घेऊन गेले. ती पुन्हा शाळेत आली नाही. पुढच्या वैशाखात तिचं लग्न झालं. मुलीचं वय अठरा हवं हा कायदा १९७८ सालीच झाला होता. वर्गात मी तो शिकवत पण होते.

चार वर्षांपूर्वी भिगवणला एका लग्नात एक बाई माझ्या पाया पडली. केस माझ्याइतकेच पांढरे, बरोबर नातू. मी ओळखलं नाही, तिने नाव सांगितलं आणि माझ्या पोटात खड्डा पडला. मी तिथल्या तिथे तिची माफी मागितली. जेवणाच्या पंगतीत, आजूबाजूला बायका, तिला काय करावं कळेना. म्हणाली, "बाई, असं काय करता, स्थळ तर आधीच आलं होतं." ते खरं असेल, किंवा मला बरं वाटावं म्हणून असेल. मग जरा थांबून म्हणाली, "एकच झालं बघा. ते पुस्तक माझं नव्हतं. वहिनीनं लायब्ररीतनं आणलं होतं. तुम्ही परत दिलं नाही, तिला दंड भरावा लागला."

ते पुस्तक माझ्या टेबलाच्या खणात होतं. पुढे कुठे गेलं मला आठवत नाही.

आणि मंडळी, हीच ती विद्यार्थिनी जिने मला मोबाईलवरच्या कादंबऱ्या दाखवल्या. त्याच पंगतीत, पान उचलायच्या आधी. तिच्या फोनवर "प्रतिलिपी" होतं, २०१४ साली बेंगळुरूच्या काही तरुण मुलांनी काढलेलं, मराठीसकट बारा भाषांतलं लेखन त्यावर येतं. ती म्हणाली, "बाई, रोज रात्री भांडी झाली की एक भाग वाचते. सहा मालिका चालू आहेत माझ्या." नववी नापास सुद्धा नाही, नववी अर्धवट. आणि तिचा वाचनाचा वेग बघून मी थक्क झाले.

त्या कादंबऱ्या मी आता तीन-साडेतीन वर्षं वाचते आहे, तेव्हा शिक्षकाच्या सवयीने तपासून मार्कही दिले पाहिजेत. बाजू घ्यायची म्हणजे डोळे मिटायचे असं नाही, आत्ताच तर उघडून आणलेत!

पहिली तक्रार म्हणजे पाणी. आमच्या इंदापूर-बारामतीत उसाचं गणित पोरालाही कळतं. पाणी भरमसाठ दिलं की वजन वाढतं आणि साखरेचा उतारा घटतो. ह्या मालिकांत तेच. नायिका चहा करते ह्यावर एक भाग, तो चहा तो पीत नाही ह्यावर दुसरा. पैसे भरले तर पुढचा भाग आज, नाहीतर उद्या, असा काही ठिकाणी हिशेब असतो. त्यात लिहिणारीला लांबवण्याचा मोह होणार, हे मी समजू शकते. तरी लांबवलेलं ते लांबवलेलंच.

दुसरी तक्रार मोठी आहे, आणि तिच्यावर मी कोणाचंही ऐकणार नाही. शंभरातल्या कितीतरी मालिकांत नायक एकच. वय सत्तावीस, कंपनीचा मालक, सहा फूट, सतत रागात. नायिका गरीब, तिचं लग्न कुठल्यातरी करारावर किंवा अपमानाचा सूड म्हणून झालेलं. तो तिला लोकांसमोर टाकून बोलतो, मनगट इतकं आवळतो की बोटं उमटतात, आणि पन्नासाव्या भागात त्याच मनगटाला मलम लावतो. लावला मलम की वाचणाऱ्या बायका विरघळल्या! अहो, पस्तीस वर्षांत माझ्यासमोर अशी मनगटं आलेली आहेत. दहावीला बसायच्या आधी लग्न होऊन गेलेल्या मुली पंचमीला माहेरी यायच्या तेव्हा पूर्ण बाह्यांचं ब्लाऊज घालून यायच्या. त्यांच्या कथेत पन्नासावा भाग आला नाही.

मग मी मघाशी प्रेमकथांची बाजू का घेतली, असं कोणी विचारेल. कारण पुस्तक काढून घेऊन काय होतं ते मी एकदा बघितलं आहे. आता मी काढून घेत नाही, बरोबर वाचते आणि भांडते. आमच्या आळीतल्या चार-पाच जणी, त्यात वीस वर्षांची एक कॉलेजची मुलगीही आहे, गुरुवारी माझ्याकडे बसतात. कोण काय वाचतंय ते सांगतात. एक नियम मी केला आहे की नायकाने हात उगारला किंवा मनगट आवळलं तर पुढे वाचायचं असेल तर वाचा, पण इथे येऊन सांगायचं की त्या ठिकाणी तुम्ही काय केलं असतं. पहिल्यांदा सगळ्या लाजल्या. नंतर एकीने जे सांगितलं ते मी इथे लिहिणार नाही. तिच्या घरचेही कदाचित हा ब्लॉग वाचत असतील.

पोथीवाचनाच्या बैठकीत हे कधी बोललं गेलं नसतं. वाङ्मयीन चर्चेत तर नाहीच नाही.

आणि सगळं वाईटही नाही. वाड्याची मालिका लिहिणारी जी कोणी आहे, तिला मोजणीच्या साखळीपासून भाऊबंदकीच्या वाटणीपर्यंत सगळं माहीत आहे. शाप मला पटत नाही, पण सात-बाराच्या उताऱ्यावर आजीचं नाव का नाही ह्यावरून तिने शाप काढला आहे, ते मला फार पटलं.

नात मात्र मला वेगळंच सांगते. ती इंजिनियरिंगला आहे, इंग्रजीतल्या ड्रॅगनच्या कादंबऱ्या वाचते. सध्या रिबेका यारोस नावाच्या बाईंची मालिका. पहिलं पुस्तक "फोर्थ विंग" २०२३ साली आलं, तिसरं २०२५ च्या जानेवारीत, आणि एकूण पाच व्हायची आहेत म्हणे. कळसला आली की ओट्यावर बसून मला पूर्ण गोष्ट मराठीत सांगते. ड्रॅगनला ती कधी ड्रॅगन म्हणते, कधी "तो पंखवाला". त्यातही नायक आधी वैरीच असतो, मी विचारून घेतलं. मनगटाचंही विचारलं. ती चिडली.

तर तिचं म्हणणं असं की, "आजी, तू संपलेल्याच मालिका वाच. चालू असलेल्या नको." कारण ती पोळलेली आहे. जॉर्ज मार्टिन म्हणून एक लेखक आहेत, सिंहासनासाठी लढणाऱ्या घराण्यांची त्यांची मालिका १९९६ साली सुरू झाली, पाचवं पुस्तक आलं २०११ साली, आणि सहाव्याची वाट बघणारे तिच्या वर्गातले लोक तेव्हा बालवाडीत होते. मी तिला देवकीनंदन खत्रींचं सांगितलं. "चंद्रकांता"वाले. नव्वदच्या दशकात दर रविवारी सकाळी त्यावरची मालिका बघायला गाव आमच्या टीव्हीसमोर जमायचं. त्यांची "भूतनाथ" अपुरी असतानाच ते १९१३ साली गेले आणि मुलाने, दुर्गाप्रसादांनी, ती पुरी केली. ती म्हणाली, "सगळ्यांना तसा मुलगा नसतो, आजी." मग अडखळली. तिच्या मनात काय आलं ते मला कळलं, आणि मला कळलं हे तिलाही कळलं. लेखकाचं सोड, वाचणारीचं काय? मी त्र्याहत्तर वर्षांची आहे. पाच पुस्तकांतलं तिसरं आत्ता आलं.

तिला वाटलं ते चूक नाही. मी ह्याचा अनुभव घेतलेला आहे.

माझ्या बरोबरीच्या एक बाई होत्या, विज्ञान शिकवायच्या. एकत्र नोकरी, एकत्र रिटायर. बाई म्हणजे अशा की देवळात जाणार नाहीत पण अमिश त्रिपाठींचं "मेलुहाचे मृत्युंजय" मी दिलं तर दोन दिवसांत वाचून परत, वर सोबत चुकांची यादी. शिवाची तीन पुस्तकं आम्ही दोघींनी वर्गणी काढून घेतली. मग रामाची मालिका आली. ती अजब आहे, पहिल्या तीन पुस्तकांत एकच गोष्ट तीन बाजूंनी, आधी रामाची, मग सीतेची, मग रावणाची, आणि चौथ्यात युद्ध. रावणाचं पुस्तक २०१९ चं. आमचं वाचून व्हायला २०२० उजाडलं आणि मग सगळंच बंद झालं. फोनवर बोलायचो. बाई म्हणायच्या, "ह्याने रावणाला इतका जवळचा केलाय, आता मारणार कसा?" मी म्हणायची, "अहो, रावणाचं काय होतं ते शेंबड्या पोरालाही माहीत आहे." त्यावर त्या म्हणाल्या, "काय होतं ते माहीत आहे. हा कसं करतो ते बघायचंय."

२०२१ च्या एप्रिलमध्ये त्या बारामतीला दवाखान्यात होत्या. नऊ दिवस. फोन लागला तेव्हा दम लागत होता. त्यांनी ऑक्सिजनचं बोलल्या नाहीत, मुलांचं बोलल्या नाहीत, चौथं आलं का एवढंच विचारलं. आलेलं नव्हतं. ते आलं २०२२ च्या ऑक्टोबरात.

नातीने लगेच आणून दिलं. ते माझ्या कपाटात आहे. तीन वर्षांत उघडलेलं नाही. उघडेन की नाही माहीत नाही... कधीतरी वाटतं की वाचून बाईंच्या मुलीला फोन करावा आणि कसं केलं ते सांगावं, पण तिला त्यातलं काही माहीत नाही.

तरीसुद्धा नातीला मी नाहीच म्हटलं. बाईंनी संपलेल्याच मालिका वाचल्या असत्या, तर त्या नऊ दिवसांत त्यांना विचारायला काय उरलं असतं? डॉक्टर, सलाईन, बिल. त्यांच्याकडे एक प्रश्न असा होता की ज्याचा आजाराशी काहीच संबंध नव्हता. माझ्या आईकडेही तो खडीवर होता. माझ्या त्या विद्यार्थिनीकडे रोज रात्री भांडी झाल्यावर असे सहा असतात. हे मला हवं आहे, आणि शेवट बघायला मिळण्याची खात्री असेल तरच हवं, अशी अट मी घालणार नाही. लेखकाने मात्र थांबायचं असेल तर "थांबले" एवढं कळवावं. मागे एक मालिका सत्त्याऐंशीव्या भागावर अचानक बंद झाली, तेव्हा मी लिहिणारीला बाईंच्या आवाजात चांगलं खरमरीत लिहिलं होतं. दोन महिन्यांनी तिचं उत्तर आलं, सासूबाई अंथरुणावर आहेत आणि घरात फोन एकच आहे. मी तिला लिहिलं की सावकाश लिही. तिने अजून लिहिलेलं नाही.

ड्रॅगनच्या चौथ्या पुस्तकाचं नातीने आत्ताच कबूल केलं आहे, आलं की कळसला येऊन सांगायचं, फोनवर नाही.

बाकी ठीक. उजव्या डोळ्याने आता बारीक अक्षरसुद्धा दिसतं, त्यामुळे वाचून दाखवायला कोणी लागत नाही. पण काल रात्री जेवणं झाल्यावर सूनबाई हात पुसत माझ्या खोलीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"आई, त्या विहिरीतून वर काय निघालं हो?"

मी म्हटलं, बसा. नऊ वाजता भाग येतो.